आरोपी श्वान आणि आपले कथावाङ्मय

मुंगसाची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. पाळण्यात तान्हे मूल, राखणीला मुंगूस, पाण्याला गेलेली आई. ती परतते तो दारात मुंगूस उभे, तोंड रक्ताने माखलेले. डोक्यावरची घागर त्याच्या अंगावर कोसळते. आणि आत जाऊन पाहावे तो मूल खेळत आहे व शेजारी सापाचे तुकडे पडले आहेत. पंचतंत्राच्या ज्या पाचव्या तंत्रात ही कथा येते त्याचे नावच मुळी ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता केलेले कृत्य. वेल्स प्रांतातील गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याची दंतकथाही याच सांगाड्यावर उभी आहे. तेथे सापाच्या जागी लांडगा आहे, इतकेच. घरात वाढलेल्या जनावरावर चावल्याचा आळ यावा आणि चौकशीपूर्वीच त्याला शिक्षा व्हावी, या विषयावर इतकी लोकप्रिय कथा दुसरी नसेल.

ही कथा मी लहानपणापासून श्रेष्ठ मानीत आलो. अलीकडे मात्र तिच्याविषयी मनात एक अढी बसली आहे. ती का बसली हे सांगण्यासाठी एक खासगी प्रसंग निवेदन करणे प्राप्त आहे. वाचकांनी क्षमा करावी.

बंगळूरच्या ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो तेथे काही वर्षांपूर्वी आमच्या घरी राजा नावाचा कुत्रा होता. नावाखेरीज त्याच्यात राजेशाही असे काही नव्हते. पावसात जिन्याखाली सापडलेले पिल्लू, ते पाच वर्षे घरात वाढले. एका रविवारी सायंकाळी शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा रडत आमच्या परसातून बाहेर आला. पोटरीवर दातांच्या दोन खुणा होत्या. ‘नायी कच्चितु, नायी कच्चितु’ असा कानडी ओरडा वसाहतभर झाला आणि तासाभरात चार जाणती माणसे आमच्या दाराशी जमली. कोणी म्हणाले, जनावर पिसाळले आहे. कोणी म्हणाले, आज पिसाळले नसले तरी उद्या पिसाळेल. मी वाद घातला नाही. शेजाऱ्यांशी वाकडे नको, या एका विचाराने त्याच रात्री राजाला कनकपुरा रस्त्यापलीकडे एका परिचिताच्या शेतावर नेऊन बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन त्याचे वडील व मी इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा की, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली होती काय? ती कोणीच धुतली नव्हती. सारेजण कुत्र्याचा निवाडा करण्यात गुंतले होते. सुया त्याच दिवशी सुरू झाल्या, कारण रेबीजच्या बाबतीत वाट पाहत बसता येत नाही. मग डॉक्टर म्हणाले, घरचेच कुत्रे आहे ना, मग त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. तो धडधाकट राहिला तर या चाव्यापुरती काळजी मिटली, पुढच्या सुयांचाही विचार करता येईल. राजा तिसऱ्या दिवशी दोरी तोडून शेतावरून निघून गेला. तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्या मुलाला शेवटपर्यंत सर्व सुया घ्याव्या लागल्या, आणि त्याच्या आईला महिनाभर झोप लागली नाही. कुत्र्यावर मी जो अन्याय केला तो असा त्या पोराच्या दंडात उतरला.

आता पुन्हा कथेकडे वळू. मुंगसाची कथा नीट पाहिली तर ती मुंगसाची नाहीच. ती आईच्या पश्चात्तापाची कथा आहे. मुंगूस मरते ते तिला रडता यावे म्हणून. शिवाय त्याचे निरपराधित्व सिद्ध होते ते मेलेल्या सापामुळे. तो साप तेथे नसता तर? रक्त एखाद्या उंदराचे असते तर? किंवा, खरेच मुलाने शेपूट ओढली म्हणून मुंगसाने त्याच्या बोटाला दात लावले असते तर? कथा या वाटेला जातच नाही. निर्दोष असणे तिला पुरेसे वाटत नाही, आरोपी उपकारकर्ताही असावा लागतो. रायगडावरील वाघ्या ऐतिहासिक की काल्पनिक, हा वाद 2012 साली पेटला आणि 2025 साली पुन्हा पेटला. त्यात मी पडत नाही. परंतु धन्याच्या चितेत उडी घेणारा कुत्रा आपल्या काळजाला भिडतो आणि ताटलीपाशी गुरगुरणारा भिडत नाही, ही आपली वाङ्मयीन अभिरुची ध्यानात घेण्याजोगी आहे. आमच्या राजाने साप मारला नव्हता. त्यामुळे त्याच्यासाठी माझ्याजवळ कथाच नव्हती.

वास्तविक तशा कथा आपल्याकडे होत्या. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्याख्यानाच्या आरंभी, जनमेजयाचे सत्र चालू असता त्याचे भाऊ यज्ञभूमीवर आलेल्या एका कुत्र्याला मारतात. तो रडत आपली आई सरमा हिच्याकडे जातो. येथे कथाकाराची दृष्टी पाहण्यासारखी आहे. सरमा प्रथम पोराचीच उलटतपासणी घेते : तूच काही आगळीक केली असशील. हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, असे तो सांगतो, तेव्हाच ती यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. जनमेजय आणि त्याचे भाऊ निरुत्तर होतात. मग ती शाप देते की, अपराधाविना मारलेत, तुम्हांवरही न दिसणारे भय येईल. ज्याने आपल्या पोराला आधी प्रश्न विचारला तोच दुसऱ्याला प्रश्न विचारावयास अधिकारी, हे इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग मला अन्यत्र आढळला नाही. (उत्तरकांडात रामाच्या दरबारी गाऱ्हाणे घेऊन येणारा कुत्रा आहे, पण तो फिर्यादी आहे, आरोपी नव्हे.)

पाली वाङ्मयातील कुक्कुरजातक याहून पुढे जाते. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हे पालीचे अध्यापक होते आणि जातकांची गोडी मराठी वाचकांस लावणाऱ्यांत त्यांचा वाटा आहे. तरीही हे जातक आपल्याकडे मुंगसाइतके घरोघरी पोचले नाही, याचे नवल वाटते. काशीच्या राजाच्या रथाचा चामडी साज रात्री पावसात भिजतो आणि कुत्री तो कुरतडतात. बाहेरची कुत्री मोरीतून शिरली, असे सेवक सांगतात. दिसेल ते कुत्रे मारा, असा हुकूम सुटतो. वाड्यातली जातिवंत कुत्री तेवढी वगळली जातात. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही. स्मशानात राहणारा श्वानांचा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, राजासमोर येऊन युक्तिवाद करतो आणि वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजावयास सांगतो. ती चामड्याचे तुकडे ओकतात. पण माझ्या मते कथेचा कळस याच्याही पुढे आहे. अपराध सिद्ध होऊनही त्या कुत्र्यांना कोणी मारीत नाही; राजा सर्वच प्राण्यांना अभय देतो. मुंगसाच्या कथेत निरपराध मरतो आणि येथे अपराधीही जगतो.

या जातकाची आठवण मला बंगळूरच्याच एका निकालाने करून दिली. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुपालन खात्याने पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या वीसहून अधिक जातींची कुत्री पाळण्यास परवाना देऊ नये व असलेल्यांची नसबंदी करावी, असे परिपत्रक काढले. परिपत्रके नोंदवहीत चढविण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे अशा माझ्यासारख्याने त्याविषयी जपूनच बोलावे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते रद्द केले, ते मुख्यतः संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता निघाले म्हणून. सर्वांना ऐकून नवा निर्णय घेण्याची वाट सरकारला मोकळी ठेवली, आणि कुत्र्याच्या वागणुकीबद्दल धन्याची जबाबदारीही स्पष्ट सांगितली. फौजदारी कायद्याचा रोखही तोच आहे. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमात निष्काळजीपणाची शिक्षा आहे ती जनावर बाळगणाऱ्याला.

माझ्या कचेरीत शिपायाच्या हातून फाईल हरवली तरी त्याला आरोपपत्र द्यावे लागते आणि त्याचे उत्तर घ्यावे लागते. राज्यघटनेचा 311 वा अनुच्छेद त्याच्या पाठीशी असतो. ही सर्व रीत मला तोंडपाठ होती. रविवारच्या त्या सायंकाळी तिचा एक शब्दही आठवला नाही. कुत्र्याला बोलता येत नाही हे खरे, पण मुलाला येत होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई टोचून झाल्यावर तो मुलगा माझ्याबरोबर बसथांब्यावर उभा होता. राजा सापडला का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो. थोड्या वेळाने तो आपणहून सांगू लागला की, चेंडू राजाच्या ताटलीपाशी गेला होता, राजा जेवत होता, दोनदा गुरगुरला, तरी याने ताटली पायाने सरकविली. हे तू आधी का सांगितले नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, मला कोणी विचारलेच नाही.