रिकाम्या रस्त्यावरची मारबत : टाळेबंदी आणि नागपूरची एक पथकला

महासाथीच्या काळात कलेने माणसाला धीर दिला, हे विधान २०२० पासून इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इटलीतील नगरांत लोक आपापल्या सज्जांत उभे राहून गात होते. त्यांची चित्रे जगभर फिरली, आणि संकटात कलेचे कार्य काय, ह्या प्रश्नाचे उत्तर जणू त्या सज्जांतच मिळाले असा समज रूढ झाला. ह्या समजाच्या मुळाशी एक गृहीत आहे. कला म्हणजे सांत्वन, आणि सांत्वन म्हणजे काहीतरी मधुर, असे ते गृहीत होय. नागपुरातील महाल आणि इतवारी ह्या जुन्या वस्त्यांत जी पथकला नांदते ती ह्या गृहीताला मुळीच जुमानत नाही. ती मधुर नाही, ती टिकवून ठेवण्यासाठी निर्माण केली जात नाही, आणि रोगराई घालवणे हेच जिचे घोषित प्रयोजन, ती कला रोग आला त्याच वर्षी रस्त्यावर येऊ शकली नाही. पथकलेतील आशेचा विचार करावयाचा तर तो ह्या विसंगतीपासून सुरू करणे अधिक फलदायी ठरेल.

मारबत म्हणजे बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड ह्यांचा, माणसाहून कितीतरी उंच असा स्त्रीरूप पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, तिची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे मानले जाते. पिवळीची परंपरा जागनाथ बुधवारीतील तेली समाजाने चालविली आहे. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी ह्या दोघींची भेट होते आणि त्या क्षणासाठी तेथे जी गर्दी लोटते तिला नागपुरात तोड नाही. त्यांच्या मागेपुढे बडगे असतात. बडगा हा पुरुषाचा पुतळा. मारबत दरवर्षी तीच, पण बडगा दरवर्षी नवा. महागाई, लाचखोरी, एखादा फसलेला सरकारी निर्णय, शेजारी राष्ट्राची आगळीक, त्या वर्षी लोकांच्या मनात जे सलत असेल ते त्याच्या अंगावर येते. ढोल-ताशे, बँड आणि सहस्रकंठी आरोळी ह्यांच्या गजरात सर्व इडापिडा, रोगराई, खोकला-पडसे बरोबर घेऊन जाण्याची विनवणी मारबतीला केली जाते, आणि दिवस मावळण्यापूर्वी तिचे दहन होते. वर्षभरातून एकदा, काही तासांपुरती अस्तित्वात येणारी ही शिल्पकला आहे.

तिचे मूळ नगरातले नाही. विदर्भातील खेड्यांत पोळ्याला पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, दारांशी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून, रोग आणि किडा-मुंगी ह्यांना हाकारे देत, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. ह्या आचारात रचना अशी नाहीच. शीव मात्र आहे. गावाला शीव असते म्हणून अरिष्टाला बाहेर टाकता येते. नगराला अशी शीव नसते, निदान पायी चालत ओलांडता येईल अशी नसते. म्हणून नगराने शिवेच्या जागी अग्नी आणला, आणि पळसाच्या फांदीच्या जागी पुतळा. भोसल्यांच्या राजधानीत, वाड्यांच्या आणि पेठांच्या दाटीत, ग्रामीण विधीचे हे जे नागर रूपांतर झाले ते लोककलेच्या अभ्यासकांना सामान्यतः वाटते त्याहून अधिक मूलगामी आहे. विधीत प्रेक्षक नसतो, सारेच विधीकर्ते असतात. महालातल्या माडीवरून आणि ओट्यावरून मिरवणूक पाहणारा मात्र प्रेक्षकही आहे आणि आरोळीत आवाज मिसळणारा सहभागीही. पथकला ह्या संज्ञेचा नेमका अर्थ येथे सापडतो. रस्त्यावर असलेली ती पथकला असे म्हणणे पुरेसे नाही. जिच्यामुळे रस्त्यावरचा माणूस आपले पाहणे आणि करणे वेगळे ठेवू शकत नाही, ती पथकला.

अशा कलेतून आशा उत्पन्न होते ती कोणत्या मार्गाने? भरताच्या नाट्यशास्त्रात आशेला स्वतंत्र स्थान नाही. आठ स्थायीभावांत ती नाही, तेहतीस व्यभिचारीभावांतही नाही. तेथे धृती आहे, औत्सुक्य आहे, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की व्याधीही आहे. ही उणीव मानण्याचे कारण नाही. आशा हा मूळ भाव नसून भावांच्या संक्रमणात उमटणारी छटा आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो, आणि मारबतीच्या संदर्भात तो पटतो. भरत बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगतो. घृणास्पद दिसले की भय वाटते, हा त्याचा क्रम. मारबतीत हा क्रम उलटा फिरतो. रोगाचे भय आधीच मनात आहे. ते निराकार आहे, आणि निराकार आहे म्हणूनच असह्य आहे. पुतळा त्याला देह देतो, विक्राळ तोंड देतो, म्हणजे भयाचे रूपांतर जुगुप्सेत करतो. जुगुप्सेच्या विषयाकडे पाठ फिरवता येते, त्याला शिवी देता येते. पुढे बडगे येतात आणि जुगुप्सेचे हास्य होते. ज्याला हसता येते ते जाळता येते. भय, जुगुप्सा, हास्य आणि शेवटी उत्साह, असा हा चढ आहे. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होईल, पण शोकात्मिकेच्या प्रेक्षकाला नाट्यगृहातून घरी जावयाचे असते. येथे मिरवणूक घरावरूनच जाते.

२०२० साली हा चढ पहिल्याच पायरीवर अडला. नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण ११ मार्चला आढळला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि पुढील महिन्यात सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा ह्या, महाल-इतवारीला जवळच्या वस्त्यांत संसर्ग वाढल्याने त्या बंदिस्त करण्यात आल्या. शहरोशहरी असे मार्ग बांबू आणि पत्रे लावून अडवले जात होते. ज्या बांबूचा मारबतीचा सांगाडा होतो त्याच बांबूने गल्लीचे तोंड बंद व्हावे, ह्या योगायोगावर फार भार टाकणे बरे नाही. तरीही तो डोळ्यांपुढून हलत नाही. १८ ऑगस्टला पोळा आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीची मिरवणूक निघाली नाही. पुढील वर्षीही तिला आपले नेहमीचे रूप धारण करता आले नाही. निर्णय योग्यच होता. गर्दी हेच ज्या रोगाचे वाहन त्याला गर्दीने घालवता येत नाही, हे सांगावयास वैद्यकाची आवश्यकता नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. पुतळा मोजक्या माणसांत पूजून जाळला तर विधी पूर्ण होतो. कला पूर्ण होते काय? विधीला अधिकारी पुरतो, पथकलेला पुरत नाही. तिची सामग्री कागद आणि बांबू ही नव्हेच. तिची सामग्री गर्दी आहे.

ह्या पार्श्वभूमीवर २२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच वाजता जे घडले त्याकडे पुन्हा पाहावयास हवे. शासनाच्या आवाहनानुसार लोकांनी दारांत आणि गच्च्यांवर उभे राहून थाळ्या, घंटा, शंख वाजवले. आवाहन कृतज्ञतेचे होते. वैद्यकीय सेवकांचे आभार मानावयाचे होते. अनेक ठिकाणी मात्र लोक थाळ्या बडवीत रस्त्यावर उतरले, आणि सुशिक्षित वर्गाने त्यांची पुष्कळ टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांनी एक गोष्ट दुर्लक्षिली. ज्या समाजाने शतकानुशतके गजराने रोगाला शिवेबाहेर हाकलले, त्याच्या कानाला थाळीचा आवाज आभाराचा वाटणे शक्यच नव्हते. तो हाकलण्याचाच वाटला. कृती वरून आलेली होती, तिचा अर्थ खालून आला. आरोग्याच्या दृष्टीने हे वर्तन घातक होते ह्यात शंका नाही, परंतु मूर्खपणा एवढ्या एका शब्दाने त्याची वासलात लावणारा टीकाकार स्वतःच्या संस्कृतीचे संगीत ओळखू शकला नाही, असे म्हणणे भाग आहे. इटलीच्या सज्जातील गायकाला शेजाऱ्याने ऐकावे असे वाटत होते. थाळी वाजवणाऱ्याचा श्रोता रोग होता.

टाळेबंदीतील चित्रकलेविषयी इतक्या सहानुभूतीने बोलता येत नाही. भारतातील अनेक नगरांत त्या काळी चौकाचौकांत, डांबरी रस्त्यावर, काटेरी गोळ्याला दात आणि डोळे काढून विषाणूची प्रचंड चित्रे रंगवली गेली, आणि त्यांच्याखाली घरी राहण्याची आज्ञा लिहिली गेली. निराकार भयाला देह देण्याची पहिली पायरी त्यांत होती. दुसरी नव्हती. चित्र जाळता येत नव्हते, त्याला हसता येत नव्हते, आणि ज्याने ते पाहावे तो घरात होता. भयाला रूप देऊन तेथेच थांबणारी कला भय वाढवते. चेन्नईत मार्च २०२० मध्ये एक पोलीस निरीक्षक विषाणूच्या आकाराचे शिरस्त्राण घालून वाटसरूंना अडवत असे. त्याच्या त्या वेषात मात्र बडग्याचा अंश होता, कारण भिववता भिववता तो हसवत होता.

पाश्चात्त्य उदाहरण घ्यावयाचे तर बँक्सी ह्या टोपणनावाने वावरणाऱ्या इंग्रज पथचित्रकाराचे घ्यावे. मे २०२० मध्ये त्याचे एक चित्र साउदॅम्प्टनच्या रुग्णालयात लागले: पराक्रमी वीरांच्या बाहुल्या टोपलीत टाकून परिचारिकेच्या बाहुलीशी खेळणारा मुलगा. पुढील वर्षी मार्चमध्ये ते सुमारे १ कोटी ६८ लाख पौंडांना विकले गेले आणि ती रक्कम आरोग्यसेवेच्या कामी आली. चित्र हृद्य आहे, विनियोगही स्तुत्य आहे. परंतु रस्त्यावरच्या चित्रकाराला महासाथीत भिंत सोडून रुग्णालयात यावे लागले, आणि त्याच्या कृतीचे मोल अखेर लिलावात ठरले, हे लक्षात ठेवावे. तेथे आशा नायकाच्या रूपाने येते आणि जतन होते. मारबतीत नायक नाही. जे जाळले जाते त्याची किंमत करता येत नाही, म्हणून ते पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागते. आणि पुन्हा करावे लागेल हा विश्वास हीच तेथील आशा होय. दोन वर्षांच्या खंडाने झळ पोचली ती ह्या विश्वासाला.

मारबतीचे हे गुणवर्णन येथेच सोडले तर ते अपुरे, किंबहुना अप्रामाणिक ठरेल. पुतळा स्त्रीचाच का? काळी मारबत ही दुसऱ्या रघुजींची राणी बांकाबाई हिचे प्रतीक होय, इंग्रजांशी तिने केलेल्या संगनमताचा तो निषेध होय, असे नागपुरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. १८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८५७ च्या उठावापासून बांकाबाईने आपल्या माणसांना दूर ठेवले, हा इतिहास आहे. पण राज्य गमावणाऱ्या घराण्यातील एका वृद्ध स्त्रीपुढे त्या वेळी कोणते पर्याय होते, हा प्रश्न आरोळीत विचारला जात नाही. तिच्या मृत्यूनंतर वीसहून अधिक वर्षांनी सुरू झालेल्या मिरवणुकीने एका पराभवाचा सारा दोष एका देहावर चढवला, आणि त्याच देहावर पुढे रोगराईही चढवली. पूतनेच्या कथेशी मारबतीचा संबंध जोडणारेही आहेत. तेथेही विष स्त्रीच्याच स्तनात आहे. अरिष्टाला देह देण्याची जी शक्ती ह्या कलेचे बळ म्हणून वर वर्णिली, तीच तिचा धोका आहे. देह एकदा दिला की तो कोणाचा, हा प्रश्न उरतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये देशात हा प्रश्न अमूर्त राहिला नव्हता. विषाणूला धर्म आणि वस्ती चिकटवली जात होती, आणि बंदिस्त मोहल्ल्यांतील माणसे रोग्याऐवजी रोग म्हणून पाहिली जात होती. त्या काळी मिरवणूक निघाली असती तर बडग्याला कोणाचा चेहरा मिळाला असता, हे सांगता येत नाही. पाच वर्षांनी, १७ मार्च २०२५ रोजी, महालातच एका ऐतिहासिक पुरुषाच्या प्रतीकात्मक कबरीचे दहन झाले. पवित्र वचने असलेले वस्त्र जाळल्याची वार्ता पसरली, सायंकाळी दंगल उसळली, आणि रोगाविनाच महालाचे रस्ते संचारबंदीने रिकामे झाले. तीत एकाचा जीव गेला. दहनाची बाह्य कृती दोन्हीकडे सारखी दिसते. फरक असा की मारबत जाताना जाळणाऱ्याचीच पीडा घेऊन जाते. खोकला त्याच्या घरातला, महागाई त्याच्या चुलीतली, लाच बहुधा त्यानेही दिलेली. जो पुतळा जाळणाऱ्याच्या घरातले काहीच नेत नाही आणि केवळ शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, त्याला मारबतीच्या परंपरेत बसवता येणार नाही, मग तो त्याच चौकात का जाळला जाईना. ही रेषा मिरवणुकीने स्वतः नेहमीच पाळली आहे असेही नाही. बडग्यांच्या इतिहासात ती पुष्कळदा पुसट झाली असणार.

'असणार' असे म्हणावे लागते, कारण बडगे त्याच दिवशी राख होतात आणि त्यांची सलग नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही. २७ ऑगस्ट २०२२ रोजी, दोन वर्षांनंतर, काळी आणि पिवळी पुन्हा पूर्वीच्या गर्दीत नेहरू पुतळ्यापाशी भेटल्या. त्या दिवसाची छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील वर्णने उपलब्ध आहेत. मात्र आरोळीतील शब्द वर्षावर्षाला कसे बदलतात, पोळ्याच्या झडत्यांतील कोणता उपरोध बडग्यांच्या फलकांवर उतरतो, कामट्यांची बांधणी करणारे हात कोणत्या घरांतले आणि खंडाच्या दोन वर्षांत ते काय करीत होते, ह्यांपैकी काहीही त्या वर्णनांत नाही. हे हात आज महाल-इतवारीतच आहेत, आणि जागनाथ बुधवारी विद्यापीठापासून फार दूर नाही.