मेणबत्ती, पेला आणि छापील उत्तर

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठीच्या प्रयोगपुस्तकांत हा प्रयोग अनेकदा आढळतो: बशीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी चढते. खाली निष्कर्ष तयार: 'ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली.'

आमचा आक्षेप इथेच आहे. तसे असते तर पाणी ज्योत जळतानाच सावकाश चढले असते. प्रत्यक्षात ते बहुतांशी ज्योत विझल्यावर झपाट्याने चढते. तीन मेणबत्त्या लावल्यास आणखी वर जाते. पेल्यातला ऑक्सिजन मात्र तेवढाच! मुख्य कारण म्हणजे तापलेली हवा निवून आकुंचन पावते.

घरी तासाची घंटा नसते, पुन्हा करून पाहायला सवड असते. छापील उत्तर ती गरजच संपवते. लेखकांनी निष्कर्षाची जागा कोरी ठेवावी.