पेलवेल तितकेच

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की घरोघरी एक प्रश्न उभा राहतो: सुट्टीचे उरलेले चार दिवस कुठे जायचे? मग कुणी वर्तमानपत्रातले पान पुढे करतो, कुणी मोबाईलवर आलेले रंगीत पत्रक दाखवतो, आणि आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सारे घर त्यावर तुटून पडते. इतक्या आवडीने वाचल्या जाणाऱ्या या वाङ्मयाची समीक्षा मात्र कुणी करीत नाही. मी पेशाने शाळामास्तर आणि सवडीने कादंबरीकार. निबंध तपासणे आणि माणसे रंगवणे एवढे दोनच उद्योग मला ठाऊक आहेत. तेव्हा त्याच दोन नजरांनी हे लेखन तपासावे असे मनात आले.

पहिला दोष शब्दांचा. 'मानवी स्पर्शही न झालेला किनारा' असे लिहायचे आणि त्याच ओळीखाली हजारोंना तिथे येण्याचे आवतण द्यायचे! एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर मी तांबडी रेघ ओढली असती. दुसरा दोष पात्रांचा. चित्रात माडांची रांग असते, पण माडावर चढणारा नसतो. वाटीत सोलकढी असते, पण नारळ खवणारी बाई नसते. माणसांवाचून गाव म्हणजे नाटकातला पडदा. पडद्यावरच्या विहिरीला पाणी किती, हे कोण विचारणार?

अलीकडे या पत्रकांत एक भारदस्त शब्द आला आहे: शाश्वत पर्यटन. २०१७ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी विकासासाठीच्या शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. कल्पना चांगली आहे. माझी तक्रार शब्दाशी आहे. आपल्या भाषेत शाश्वत म्हणजे ज्याला क्षय नाही ते. हा शब्द कानी पडला की मन निर्धास्त होते. वास्तविक इथे गरज आहे ती धास्तीची! या जागी माझ्या मते 'पेलवणारे' हा घरगुती शब्द हवा होता. पेलणे म्हटले की लगेच दोन प्रश्न येतात: किती, आणि कुणाला? पर्यटनाची सारी योजना या दोन प्रश्नांत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून ते पूर्वीपासून ठाऊक होते. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. ही अंडी पूर्वी खाण्या-विकण्यासाठी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखावयास प्रारंभ केला. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथलेच जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. यातला क्रम मला मोलाचा वाटतो. आधी कासव राखले, मग पाहुण्याला बोलावले, आणि पाहुण्याचा पैसा राखणाऱ्याच्याच चुलीपाशी पोचला. ज्या कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर दिवस काढले, तिथे ही गोष्ट लहान नव्हे. आणखी एक गुण असा की, अंड्यातून पिल्लू केव्हा बाहेर यायचे हे कासवच ठरवते. दीड-दोन महिन्यांचा अंदाज बांधता येतो, पण मुहूर्त काढता येत नाही. 'आज पिल्ले निघतीलच असे नाही' हे वाक्य ज्या जाहिरातीत येईल तिला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

हे झाले लहान गावाचे. गर्दी लोटू लागली म्हणजे काय होते ते साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिसते. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली; त्यांत कास होते. जी मोहर संरक्षणासाठी उमटली तीच जाहिरात ठरली. फुले पाहायला आलेली पावले फुलांवर पडू लागली. मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, आधी नाव नोंदवण्याची पद्धत आली, प्रवेशशुल्क आले, आणि आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर राखणीला उभ्या राहिल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु गर्दी आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणाने गुरांचीही वाट अडवली. चराई थांबल्याने फुलोराच उणावतो अशी तक्रार झाली आणि पुढे ते कुंपण काढावे लागले. गुराख्याला पात्रांच्या यादीतून वगळले की कथानक कसे बिघडते, याचे याहून बोलके उदाहरण मला सापडले नाही.

तिसरे स्थळ माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते इंग्रजांच्या नजरेस आणले, १९०७ साली छोटी आगगाडी वर चढली, आणि मोटारींना मात्र तिथे मज्जाव राहिला. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले. झाडी वाचली, हवा वाचली. नमुनेदार शाश्वत पर्यटन! पण मोटार नाही म्हणून पाहुणा चालत थोडाच जातो? तो हातरिक्षात बसे, आणि तांबड्या मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढी. डोंगराला जे पेलले ते कुणाच्या तरी छातीने पेलले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देण्याची योजना करावयास सांगितले, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही असेही बजावले. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. स्वागतकमानीला आणि जाहिरातीच्या फलकाला पैसा मिळतो. मैलापाण्याला, कचऱ्याला आणि हमालाच्या पोटाला मात्र तो कधी उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'मास्तर, गावाला चार पैसे मिळू लागले की तुम्हा शहाण्यांना मर्यादा आठवते. तुम्ही हिंडून आलात, आता दुसऱ्यांना अडवता!' हा आक्षेप खरा आहे, आणि त्यात जळजळ असली तरी ती रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की मर्यादा बाहेरच्याने घालू नये. ज्याची विहीर आहे त्याने घालावी. चैत्र-वैशाखात विहिरीला किती पाणी उरते हे घरधनीणच सांगू शकते. तिला विचारून केलेली योजना टिकेल. तिला न विचारता केलेली योजना कितीही गुळगुळीत कागदावर छापली तरी ती योजना नव्हे, केवळ आवतण होय. आपल्याकडे रीत उलटी पडली आहे: आधी डांगोरा, मग पैसा, आणि सगळे नासल्यावर योजना. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर घरात तांदूळ किती ते पाहणारा यजमान आपण शहाणा म्हणू काय?

वाचकांनीही थोडे टीकाकार व्हावे, अशी माझी विनंती आहे. या सुट्टीत कुठलेही पत्रक हाती आले की खोलीचा दर विचारण्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. इथे पाणी कुठून येते? कचरा कुठे जातो? आणि आमच्यासाठी भाकऱ्या भाजणाऱ्या बाईच्या हाती शेवटी काय पडते? उत्तर सरळ मिळाले तर खुशाल जावे, पोटभर हिंडावे, मुलाबाळांना समुद्र दाखवावा. उत्तर टाळले गेले, तर ते पत्रक नापास समजावे.