वार्धक्याची जनुके आणि दीर्घायुष्याचा मोह : रामकृष्णन यांचा ‘व्हाय वी डाय’

डॉ. व्यंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याला परके नाव नाही. १९५२ साली चिदंबरम येथे जन्मलेला हा शास्त्रज्ञ लहानपणीच बडोद्यास आला, येथेच वाढला आणि १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासमवेत मिळाले. त्या वेळी भारतातून आलेल्या अभिनंदनाच्या महापुराने ते त्रस्त झाले होते आणि तसे त्यांनी स्पष्टपणे बोलूनही दाखविले होते. गावाच्या नात्याने आपण मिरवणार असू, तर त्याआधी त्यांचे लेखन वाचण्याचे कष्ट घ्यावेत, हे आम्हांस अधिक उचित वाटते. २०२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘व्हाय वी डाय’ हा इंग्रजी ग्रंथ त्यासाठी उत्तम निमित्त आहे.

आपण म्हातारे का होतो, मरतो का आणि हे लांबविता येईल काय, हे या ग्रंथाचे तीन प्रश्न. वार्धक्याचे संशोधन हे रामकृष्णन यांचे स्वतःचे क्षेत्र नव्हे. वरवर उणीव भासणारी ही गोष्ट आमच्या मते ग्रंथाचे बळ आहे. आयुष्य वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या कंपन्यांत आज अफाट पैसा गुंतलेला आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांचे हितसंबंध त्या पैशाशी जोडलेले आहेत. अशा बाजारात, ज्याला काही विकायचे नाही असा जाणकार भेटणे दुर्मीळ झाले आहे.

मुळात निसर्गाने म्हातारपण ठेवलेच का? याचे उत्तर लेखक उत्क्रांतिशास्त्रात शोधतो. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन, त्यांच्यानंतर पीटर मेडावर आणि १९५७ साली जॉर्ज विल्यम्स यांनी या विचाराची पायाभरणी केली. संतती होऊन गेल्यावर प्राण्याचे काय होते, याची निसर्गाच्या निवडीला फारशी फिकीर नसते. म्हणून उतारवयात घात करणारी जनुके पिढ्यान्‌पिढ्या गाळली जात नाहीत. विल्यम्स तर आणखी पुढे गेले. तारुण्यात उपकारक ठरणारे जनुकच पुढे वैरी होऊ शकते, असे त्यांनी दाखविले. तारुण्याचे कर्ज म्हातारपणी फेडावे लागते, असा हा व्यवहार आहे.

या पार्श्वभूमीवर सिंथिया केन्यन यांच्या संशोधनाचे महत्त्व कळते. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आणि दोन-तीन आठवडे जगणारा एक गोलकृमी जीवशास्त्रज्ञांच्या विशेष आवडीचा आहे. रामकृष्णन यांनी केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत काम केले, तेथेच सिडनी ब्रेनर यांनी त्याला संशोधनासाठी निवडले होते. एका जनुकातील फरकाने या कृमीचे आयुष्य वाढते, असे टॉम जॉन्सन यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखविले होते. तरी बहुतेकांचा विश्वास बसला नव्हता. १९९३ साली कॅलिफोर्नियात केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डॅफ-२’ या जनुकात बिघाड असलेले कृमी दुपटीहून अधिक जगतात, असे सिद्ध केले. ‘डॅफ-१६’ हे दुसरे जनुक निकामी केले की हा लाभ नाहीसा होई.

यामागील यंत्रणा साधी नाही, पण समजण्याजोगी आहे. अन्न मुबलक आहे, वाढा आणि प्रजा निर्माण करा, असा निरोप डॅफ-२ पेशींना पोहोचविते. तो निरोप क्षीण झाला की डॅफ-१६ जागे होते आणि दुरुस्तीची व बचावाची कामे करणारी अनेक जनुके कामाला लावते. डॅफ-२ हे आपल्या शरीरातील इन्सुलिन-ग्राहकाचे भावंड आहे, हे १९९७ मध्ये गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने उघड केले, तेव्हा कृमीची कथा माणसाच्या उंबरठ्यावर आली. डॅफ-१६ चे मानवी रूप असलेल्या एका जनुकाच्या विशिष्ट प्रकाराचा दीर्घायुष्याशी संबंध असल्याचे २००८ साली हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासात आढळले.

मात्र उंबरठा म्हणजे घर नव्हे, आणि ते भान राखण्यात ग्रंथाचे खरे मोल आहे. रॅपामायसिनचे उदाहरण पाहावे. १९६४ साली ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील जिवाणूपासून माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले. २००९ मध्ये ते उतारवयातील उंदरांना दिले असता त्यांचेही आयुष्य वाढले. पण हेच द्रव्य रोगप्रतिकारशक्ती दाबते. म्हणून तर मूत्रपिंड-रोपणानंतर ते रुग्णास देतात. जंतुसंसर्गाशी रोज झुंजणाऱ्या निरोगी माणसाने ते आयुष्यभर घ्यावे काय? रामकृष्णन येथे आशेला तडा जाऊ देत नाहीत आणि तिला पंखही लावत नाहीत.

आता उणिवा. संशोधकांची नावे, त्यांचे स्वभाव आणि त्यांच्यातील चुरस यांची गर्दी इतकी होते की सामान्य वाचक मूळ सूत्र हातून निसटू देईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अधिक जगणे आणि अधिक काळ धडधाकट राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील भेद लेखकाला पूर्ण ठाऊक आहे, पण तो ग्रंथाचा कणा व्हायला हवा होता. डॅफ-२ च्या कृमींचे वाढीव आयुष्य बऱ्याच अंशी दुर्बल अवस्थेत जाते, असा निष्कर्ष २०१५ मधील एका अभ्यासाने काढला आहे. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर वाद घातला हे खरे. तरी अंथरुणाला खिळलेली आई किंवा स्मृती गेलेले वडील सांभाळणाऱ्या घराला हाच प्रश्न सर्वांत आधी पडतो. ज्यांच्या घरची मुले पोटापाण्यासाठी दूर देशी गेली आहेत, त्यांना तर तो रोज पडतो. त्या सांभाळणाऱ्या हातांचा विचार जीवशास्त्राच्या ओघात मागे पडला आहे.

शेवटच्या प्रकरणात मात्र रामकृष्णन एका अवघड जागी बोट ठेवतात. श्रीमंतांचे आयुष्य गरिबांपेक्षा आजच मोठे आहे. उपचार आले तर ही दरी रुंदावेल. आणि वृद्ध दीर्घकाळ अधिकारपदांवर राहिले, तर तरुणांना वाव कोठून मिळणार? हा इशारा सत्तरी ओलांडलेला, सन्मानांनी वेढलेला शास्त्रज्ञ देतो, म्हणून त्याला वजन आहे. मराठी वाचकाला येथे ययाति आठवल्यावाचून राहणार नाही. महाभारतातील तो राजा पुत्राचे तारुण्य मागून घेतो आणि भोगांती त्याला कळते की भोगाने वासना शमत नाही. पुरूने तारुण्य दिले, याचे कौतुक पुष्कळ झाले. ते मागण्याचा पित्याला काय अधिकार होता, हा प्रश्न रामकृष्णन यांच्या विज्ञानातून नव्याने उभा राहतो. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या वाचनालयांनी व मंडळांनीही तो स्वतःस विचारावा. संस्था तगावी म्हणून आपण खुर्ची धरून बसतो, की आपण धरून बसल्यामुळे संस्था वठते?

सयाजीराव महाराजांच्या काळी बडोद्यात ‘श्री सयाजी साहित्यमाले’तून ज्ञानविज्ञानाची पुस्तके मराठीत व गुजरातीत निघत. नवे ज्ञान घरच्या भाषेत बोलता आले पाहिजे, ही त्यामागील श्रद्धा होती. पेशी, जनुक, गुणसूत्र, प्रथिन हे शब्द आज आपल्या हाताशी आहेत. त्यांचा उपयोग करून आपल्या बैठकांत या ग्रंथावर चर्चा व्हावी. औषधांच्या जाहिरातींना भुलणाऱ्या आणि मरणाच्या नुसत्या उल्लेखाने कानांवर हात ठेवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना त्यातून काही मिळेल. किती वर्षे जगावे, हे अजून तरी आपल्या हाती नाही. मिळालेल्या वर्षांचे काय करावे आणि जागा कधी मोकळी करावी, हे ठरवायला मात्र कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.