यंत्र-नूतनीकरणातील सेन्सर व सीलबंद कनेक्टरची निवड : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुनी लेथ किंवा मिलिंग मशीन मोडीत न काढता तिला संगणकीय नियंत्रण बसविण्याची पद्धत लघुउद्योगांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत रुळली आहे. अशा नूतनीकरणात नियंत्रक व मोटर यांच्या निवडीवर पुष्कळ चर्चा होते. सेन्सर व कनेक्टर मात्र माहितीपत्रकातील अंक पाहून निवडले जातात. हे अंक खोटे नसतात. परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत, हे तपासले जात नाही. प्रस्तुत लेखात या निवडपद्धतीची चिकित्सा केली आहे.

सूक्ष्मता आणि अचूकता

या विवेचनास उपयुक्त उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, हे यंत्र-हत्यार नव्हे. तथापि मोटरने अक्ष फिरविणे आणि त्याची स्थिती मोजून चूक दुरुस्त करणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या अक्षांवर 17-बिट निरपेक्ष एन्कोडर योजण्यात आले. एका फेरीचे 1,31,072 भाग पडत असल्याने एक भाग सुमारे 10 कंससेकंदांचा होतो. प्रत्यक्ष रोखण्याची अचूकता मात्र मंद वाऱ्यात सुमारे 1 कंसमिनिट, म्हणजे त्याच्या सहापट स्थूल मानली जाते. सांगाडा, गिअर व वारा यांचा वाटा एन्कोडरच्या अंकात दिसत नाही.

कार्यशाळेतील हिशेब याहून बोलका आहे. 5 मि.मी. पिचच्या स्क्रूवर 1000 रेषांचा एन्कोडर बसविला व त्याचे संकेत चौपट मोजले, तर एक गणना 1.25 मायक्रॉनची होते. परंतु झिजलेल्या स्क्रू-नटमध्ये 0.1 मि.मी. ढिलेपणा असेल, तर दिशा बदलताना 80 गणना होऊनही टेबल हलत नाही. टेबलावर थेट रेषीय मापपट्टी लावल्यास ढिलेपणा दिसतो, पण नाहीसा होत नाही; उलट नियंत्रणचक्रात तो आल्याने अक्ष थरथरू लागतो. म्हणून स्क्रूची दुरुस्ती आधी आणि एन्कोडरची निवड नंतर, हाच क्रम योग्य ठरतो. जेथे वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, तेथे निरपेक्ष एन्कोडरचा अधिक खर्चही समर्थनीय ठरतो. वृद्धीदर्शक एन्कोडर वीज गेल्यावर स्थिती विसरतो आणि अक्ष पुन्हा मूळ बिंदूवर न्यावा लागतो.

आयपी अंकाची मर्यादा

आयपी 67 या अंकातील 6 हा धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवितो, तर 7 हा 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटांची तात्पुरती बुडी. ही चाचणी पाण्याची आहे, कूलंट किंवा कापतेलाची नव्हे. तेलाने केबलचे पीव्हीसी आवरण कालांतराने कडक होऊन तडकते. तेथे पॉलियुरेथेन आवरण अधिक टिकते. शिवाय हा अंक कनेक्टर पूर्ण जोडलेला व घट्ट आवळलेला असतानाच लागू होतो. रिकाम्या सॉकेटला टोपण नसेल, तर त्याला अर्थ राहत नाही.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीलगत असून तेथे पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट असते. दिवसा तापलेले यंत्र रात्री थंड होताना सदोष सीलमधून ही दमट हवा आत ओढते. पाणी कधीही न पडलेल्या जोडातही पिना गंजलेल्या आढळतात, त्यामागे हे एक कारण असते. केबल कनेक्टरच्या खाली वळवून मग वर आणणे, हा बिनखर्ची उपायही तितकाच महत्त्वाचा आहे. ओघळणारे कूलंट त्या वळणावरून गळून जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न

जोड निकामी झाल्यावर यंत्र काय करते, हा निवडीचा खरा निकष होय. मर्यादा-स्विच एरवी उघडा राहील अशा रीतीने जोडला, तर सुटलेली तार कोणालाही कळत नाही आणि टेबल टोकावर आदळते. तोच एरवी बंद ठेवला, तर तार सुटताच यंत्र थांबते. प्रेरणी सेन्सरचे नमूद अंतर सौम्य पोलादासाठी असते. ॲल्युमिनियमसमोर ते साधारणतः निम्म्याहूनही कमी होते. याकडे दुर्लक्ष केल्यास सेन्सर उत्तम असूनही ऐनवेळी संकेत मिळत नाही.

निष्कर्ष

सेन्सरचे मूल्यमापन एकट्या सेन्सरचे नसून यांत्रिक अक्ष, जोड, केबल आणि परिसर या साखळीचे असावयास हवे. अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था याच परिसरात असल्याने हा प्रश्न अध्यापनाचाही आहे. नूतनीकरणाच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने एन्कोडरच्या अंकासोबत प्रत्यक्ष मोजलेला ढिलेपणा नोंदविणे आणि प्रत्येक जोड मुद्दाम सोडवून यंत्राचा प्रतिसाद तपासणे अनिवार्य केले जावे. तसे न झाल्यास यंत्राच्या पडद्यावर मायक्रॉन दिसतील, पण कामाच्या तुकड्यावर ते उतरणार नाहीत.