बाण सुटल्यानंतर

शिकारीच्या व्हिडिओंपर्यंत मी शिकारीच्या आवडीने पोचलो नाही. मला एक क्लॅम्प हवा होता. लग्नांचे व्हिडिओ शूट आणि एडिट करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मांडवाच्या खांबाला कॅमेरा असा बांधायचा होता की एका हाताने फिरवला तरी हलू नये, कुरकुरू नये. सगळ्यात बारकाईने केलेला रिव्ह्यू सापडला तो एका अमेरिकन माणसाचा. तो झाडावर पंधरा-वीस फुटांवर मचाण बांधून बसला होता. अंगाला सेफ्टी बेल्ट, उजव्या हाताशी धनुष्य, डाव्या हाताशी झाडाला आवळलेला आर्म आणि त्यावर कॅमेरा. उजेड जेमतेम फुटलेला. खाली हरीण आलं. त्याने आधी कॅमेरा फिरवला, फोकस तपासला आणि मग धनुष्य उचललं. क्लॅम्प अजिबात कुरकुरला नाही. मी तो ऑर्डर केला. पुढची दोन वर्षं मात्र रात्री झोपण्याआधी मी धनुष्यबाणाने मोठी जनावरं मारणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाहत राहिलो.

शिकार चांगली की वाईट, हा वाद इथे घालायचा नाही. मी रविवारी मटण खातो आणि ते कसं आलं हे विचारत नाही, त्यामुळे उंच जागी उभं राहून बोलायची माझी सोय नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा प्रश्न कायद्याने मिटलेला आहे. या व्हिडिओंचे आपण फक्त प्रेक्षक. जो रोगनच्या एल्कच्या गप्पा ऐकत इथवर आलेले असे बरेच प्रेक्षक आपल्यातही आहेत. मी प्रेक्षक म्हणून आणि एडिटर म्हणून बोलतोय. माझी तक्रार कटबद्दल आहे.

यूट्यूबवर व्हिडिओखालच्या पट्टीवर बोट ठेवलं की कधीकधी एक करड्या रंगाची लाट दिसते. लोक कुठला भाग पुन्हापुन्हा बघतात, त्याचा तो आलेख. शिकारीच्या व्हिडिओत ही लाट कशी असते, हे न बघताही सांगता येईल. सुरुवातीचा डोंगर, गाडी, कॉफी, धुकं सगळं सपाट, मग एकच सुळका आणि पुन्हा सपाट. सुळका म्हणजे बाण सुटण्याचा क्षण. मीही तिथे दोनदा टिचकी मारून दहा सेकंद मागे गेलोय. खोटं कशाला बोलू, तो क्षण सुंदर असतो. स्लो मोशनमध्ये बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळत जातो. त्याच्या शेपटाला हिरवा किंवा लाल दिवा असतो, त्यामुळे संधिप्रकाशात एक ठिणगी रानातून पोहत गेल्यासारखी दिसते.

त्या दिव्याचीच गोष्ट घ्या. बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकायला जी खाच असते, तिला नॉक म्हणतात. दिव्याचा नॉक बाण कुठे लागला ते दाखवतो आणि नंतर गवतात बाण शोधायलाही उपयोगी पडतो. पण कॅमेऱ्याला तो जास्त उपयोगी. अमेरिकेत 'पोप अँड यंग क्लब' नावाची १९६१ साली सुरू झालेली संस्था धनुष्याने मारलेल्या जनावरांच्या शिंगांची मापं नोंदवते. धनुष्याला किंवा बाणाला काहीही इलेक्ट्रॉनिक जोडलेलं असेल तर नोंद नाही, असा त्यांचा कडक नियम होता. २०१४मध्ये त्यातून दोन गोष्टींना सूट मिळाली. एक दिव्याचा नॉक, दुसरी धनुष्यावर बसवलेला कॅमेरा. सूट जोडीने मिळाली, हे मला फार बोलकं वाटतं.

क्लबच्या नावातले दोघे म्हणजे सॅक्स्टन पोप आणि आर्ट यंग. पोप सॅन फ्रान्सिस्कोतला डॉक्टर. १९११ साली याही जमातीतला उरलेला एकटा माणूस, इशी, जंगलातून बाहेर आला आणि तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. त्याच्याकडून पोप धनुष्य शिकला. इशी १९१६मध्ये क्षयाने गेला. (त्याच्या जमातीचं काय झालं, तो वेगळ्या लेखाचा आणि जास्त जड विषय.) आर्ट यंगने पुढे अलास्कात धनुष्याने केलेल्या शिकारीचा मूकपट काढला. १९२७मध्ये डेट्रॉइटच्या एका थिएटरात तो पाहून मोटारींच्या धंद्यातला एक तरुण वेडा झाला. त्याचं नाव फ्रेड बेअर. त्याने धनुष्यं बनवायला घेतली, १९३३मध्ये धंदा सुरू केला आणि ती विकली जावीत म्हणून स्वतःच्या शिकारींचे सिनेमे काढले. म्हणजे सिनेमा बघून धनुष्य आणि धनुष्य खपवायला पुन्हा सिनेमा. आज यूट्यूबवर 'या सीझनचा माझा सेटअप' सांगणारा पोरगा काही नवं करत नाहीये.

सेटअपचे ते व्हिडिओ मी आवडीने बघतो. चांगलं कंपाउंड धनुष्य हजार डॉलरच्या वर. साधारण सत्तर पौंड ताणाचं, म्हणजे जवळजवळ बत्तीस किलो. पण टोकांवरच्या चाकांमुळे दोरी पूर्ण मागे आली की त्यातलं ऐंशी टक्के ओझं उतरतं, उरतं सहा-साडेसहा किलो. तेवढ्यावर माणूस मिनिटभर नेम धरून थांबू शकतो. दोरी बोटांनी सोडायची नाही, मनगटाला बांधलेल्या ट्रिगरने सोडायची. एकलव्याकडे हे यंत्र असतं तर द्रोणाचार्यांना काहीतरी दुसरं मागावं लागलं असतं. मग पाती. अखंड पातं की आदळल्यावर उघडणारं, यावर तिथे होणारी भांडणं आपल्या पुणेरी मिसळ विरुद्ध कोल्हापुरी मिसळीच्या तोडीची. रिव्ह्यू करणारे प्लायवूडवर, पत्र्यावर, जेलीच्या ठोकळ्यावर बाण मारतात आणि कॅलिपरने भोक मोजतात.

या सगळ्या मोजमापात एक आकडा मात्र क्वचित येतो. बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट धरू. आवाजाचा साधारण ११००. हरीण चाळीस यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर उभं आहे. दोरीचा आवाज त्याच्या कानावर पोचतो, तेव्हा बाण अजून वाटेत आहे आणि त्याला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा बाकी आहे. तेवढ्यात हरीण उडी मारण्यासाठी पाय दुमडतं आणि खाली जातं. नेम अचूक, हात स्थिर, धनुष्य महाग, तरी बाण भलतीकडे. गोळीसारखा धक्का बाण देत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्त जाऊन मरतं. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर जनावर थोडं पळून काही सेकंदांत पडतं. यकृतात गेला तर शिकारी लोकांचाच दंडक आहे की काही तास थांबा. पोटात गेला तर रात्रभर. लगेच मागे लागलात तर ते उठून दूर जाईल आणि सापडणारच नाही. शहाणा शिकारी म्हणूनच बाण सुटला की घड्याळ बघतो.

आणि एडिटर इथे कट मारतो. 'तीन तासांनंतर' अशी पाटी, खाली गिटार. पुढच्या शॉटमध्ये जनावर पडलेलं असतं, जीभ आत सरकवलेली, रक्त पुसलेलं, शिंगं आभाळाकडे. माणूस त्याच्या मागे गुडघ्यावर बसून हळव्या आवाजात बोलतो. हे बोलणं खोटं असतं असं मी म्हणत नाही, डोळे खरंच भरलेले असतात. पण त्या तीन तासांत जे झालं, त्याची किंमत आपल्याला न दाखवता त्याने स्वतःच्या डोळ्यांतून वसूल केलेली असते. २०१५मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह बाणाने जखमी होऊन मग मारला गेला, तेव्हा जग त्याच्या नावावर आणि गळ्यातल्या पट्ट्यावर भांडत होतं. मला आठवतात ते तास. बातम्या आधी चाळीस म्हणत होत्या, नंतर त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाने दहा-बारा सांगितले. चाळीसचे दहा झाले म्हणून हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

आपल्याला लहानपणी बाणांच्या बऱ्याच गोष्टी सांगतात. त्यातल्या एकीत अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसतो. हे व्हिडिओ त्याच शाळेतले. दुसरी गोष्ट दशरथाची. अंधारात नदीवर बुडबुड आवाज आला, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय. इंग्रजीत ज्याला बिग गेम म्हणतात, तेच मारायला निघाला होता तो. बाण आवाजावर बरोब्बर बसला. गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते. श्रावण लगेच मरत नाही, बोलतो, आईबापांना पाणी द्यायला सांगतो. दशरथाला तो घडा उचलून चालत जावं लागतं. आजीने मला ही गोष्ट सांगितली तेव्हा नेमाबद्दल ती एक वाक्यही बोलली नव्हती.

बाणानंतरचा वेळ दाखवणारा सिनेमा आहे का, हे शोधताना मला जॉन मार्शलचा 'द हंटर्स' सापडला, १९५७चा, सव्वा तासाच्या आसपासचा. कालाहारीतले चार सान पुरुष शिकारीला निघतात. धनुष्य हलकं, आपल्याकडच्या जत्रेतल्या खेळण्यापेक्षा थोडंच मोठं. बाणाला एका किड्याच्या अळीचं विष, तेही टोकाला नाही, टोकाच्या मागे दांड्यावर, चुकून बोटाला ओरखडा आला तरी जीव वाचावा म्हणून. एका जिराफाच्या मादीला बाण लागतो आणि सिनेमा तिथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. विष हळू चढतं. चौघे दिवसचे दिवस माग काढतात, चुकतात, वाळूत बसतात, पुन्हा उठतात. कळप तिला मागे टाकून जातो. शेवटी ती सापडते तेव्हा उभीच असते आणि ते भाले फेकतात. ती पडायला वेळ घेते. कॅमेरा हलत नाही. मी मोबाइल दोनदा उलटा ठेवला.

या सिनेमाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ती एक शिकार नाहीच. वेगवेगळ्या वेळच्या शिकारींचे तुकडे जोडून एक गोष्ट रचलेली आहे. शूटिंगच्या वेळी मार्शल जेमतेम विशीत होता, आणि हा आपला रोमँटिक सिनेमा आहे हे त्याने स्वतः पुढे मान्य केलं. त्या समाजाच्या रोजच्या पोटाला लागणारा मोठा वाटा बायका कंदमुळं, फळं गोळा करून आणत, हे सिनेमा बघून कळत नाही. निवेदक जिराफाच्या मनातलं बोलतो, ते तर मला अगदीच नकोसं झालं. म्हणजे कट इथेही आहेत, फसवणूकही आहे. फरक एवढाच की जोडलेले तुकडे वेळ वाढवण्यासाठी वापरलेत. मी रोज नेमकं उलटं करतो. पाठवणीच्या वेळी नवरीची आई खुर्ची धरून वीस मिनिटं नुसती उभी असते आणि मी त्यातले चार सेकंद ठेवतो, कारण पार्टीला रील हवं असतं.

गेल्या पावसाळ्यात एक व्हिडिओ समोर आला. चॅनेलचं नाव लिहीत नाही, लहान आहे, आणि कमेंटमध्ये लोकांनी त्याला पुरेसं सोललंय. एल्कवर बाण सुटतो. दिव्याचा हिरवा ठिपका खूप मागे, बरगड्यांच्या पलीकडे जाऊन विझतो. माणूस खाली बसतो. कॅमेरा तसाच चालू राहतो, बहुतेक बंद करायचं त्याला सुचलंच नाही. मग रात्र, टॉर्च, एका पिवळ्या पानावर वाटाण्याएवढा थेंब, मग वीस पावलांवर दुसरा, मग काही नाही. सकाळ. दुपार. तो गुडघ्यांवर रांगत पानं उलटतोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कॅमेऱ्यासमोर येतो, सांगतो की सापडलं नाही, आणि या सीझनचं परमिट मी वापरलं असंच धरणार. संगीत नाही. बाणानंतरचे बावीस मिनिटं आहेत.

त्या बावीस मिनिटांवर करडी लाट अगदी पट्टीला चिकटून झोपलेली आहे. मी तो व्हिडिओ तीनदा सबंध पाहिलाय. दर वेळी नवव्या मिनिटाला, तो थेंब दिसतो तिथे, थांबवतो. पान ॲस्पेनचं असावं. थेंब अजून ओला आहे, त्यात टॉर्च दिसतो.