उंदीर गुप्तहेर आणि त्याचे नाक

प्राणी गुप्तहेर होऊन चोर पकडतात, अशा साहसकथा मुले आवडीने वाचतात. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या कथांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहावे, की त्यातून काही शिकवता येईल? एका प्रसिद्ध उदाहरणावरून आपण हा प्रश्न तपासून पाहू.

अमेरिकन लेखिका ईव्ह टायटस यांचे ‘बेसिल ऑफ बेकर स्ट्रीट’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. शेरलॉक होम्सच्या घराच्या तळघरात राहणारा बेसिल नावाचा उंदीर होम्सचे बोलणे ऐकून ऐकून तपासाची कला शिकतो, अशी त्यामागची कल्पना. १९८६ साली डिस्ने कंपनीने त्यावरून ‘द ग्रेट माऊस डिटेक्टिव्ह’ हा चित्रपट काढला. पुढील प्रसंग या चित्रपटातले आहेत.

डॉ. डॉसन बेसिलला प्रथमच भेटतो. त्याच्या बाहीवरचे टाके आणि दोरा पाहून बेसिल क्षणात सांगतो, की हा शल्यचिकित्सक असून अफगाणिस्तानातून आला आहे. प्रेक्षक थक्क होतात. पण ती बाही दुसऱ्याच कोणी शिवून दिली असती तर? दोरा कोणी भेट दिला असता तर? बेसिल या शक्यता तपासत नाही, आणि तरीही तो बरोबर ठरतो, कारण कथाकाराने तसे ठरवले आहे. असे प्रसंग वारंवार आले, की मूल पुराव्यापेक्षा हुशार माणसाच्या शब्दावर विसंबायला लागते. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

याच्या उलट दुसरा प्रसंग पाहा. एका पिस्तुलाने बेसिल घरातच गोळी झाडतो आणि ती जवळच्या दुसऱ्या गोळीशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहतो. पिस्तुलाच्या नळीतील खाचांच्या खुणा गोळीवर उमटतात, आणि एकाच पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांवरील खुणा जुळायला हव्यात. गुन्हे-अन्वेषणात ही पद्धत खरोखरच वापरतात. येथे खुणा जुळत नाहीत. बेसिल निराश होतो. आमच्या मते साऱ्या चित्रपटात सर्वांत वैज्ञानिक क्षण हाच. अंदाज केला, त्यावरून काय दिसायला हवे ते ठरवले, प्रत्यक्ष पाहिले, आणि पुरावा विरुद्ध जाताच अंदाज सोडून दिला. पाठ्यपुस्तकातील प्रयोग बहुधा ‘यशस्वी’च होतात; म्हणून हा फसलेला प्रयोग मुलांना अवश्य दाखवावा.

आता प्राण्यांविषयी. खलनायकाचा साथीदार असलेले वटवाघूळ आपली टोपी मागे टाकून पळते. तिच्या वासावरून माग काढायचे काम बेसिल होम्सच्या टोबी या कुत्र्यावर सोपवतो. (टोबी हे नाव ‘द साइन ऑफ फोर’ या १८९० च्या होम्सकथेतून घेतले आहे.) वास्तविक उंदराचे नाकही अतिशय तीक्ष्ण असते. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४००, तर उंदरात १००० हून अधिक आहेत. पण बेसिलला माणसाचा कोट चढवला आणि भिंग हाती दिले, तेव्हाच त्याचे उंदीरपण बाजूला पडले. उंदराने बोलू नये असे आमचे म्हणणे नाही. कल्पनेला तेवढी मोकळीक हवीच. मात्र उंदराचे नाक आणि मिशा तपासाला जुंपल्या असत्या, तर कथा अधिक रंगली असती.

खरे उंदीर हे काम करतातही. गालात पिशव्या असणाऱ्या आफ्रिकेतील थोराड उंदरांना ‘अपोपो’ ही संस्था जमिनीतील स्फोटकांचा वास ओळखायला शिकवते. ते हलके असल्याने त्यांच्या वजनाने भूसुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या अशा एका उंदराने कंबोडियात १०० हून अधिक भूसुरुंग व स्फोटके शोधून दिली. २०२० साली त्याला ब्रिटनमधील एका प्राणिसेवी संस्थेने शौर्याचे सुवर्णपदक दिले. २०२२ मध्ये तो वारला.

तेव्हा अशा कथा वाचनालयात जरूर ठेवाव्यात. वर्गात वाचताना मात्र गुप्तहेराने अनुमान सांगितले की पुस्तक मिटावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: याचे आणखी काय कारण असू शकेल? कोणते कारण खरे, हे कसे तपासाल? आणि हा प्राणी आपल्या खऱ्या इंद्रियांनी तपास करता, तर त्याला काय कळले असते? मुलांची उत्तरे ऐकून मगच पान उलटावे.